ताठ कण्याचं दुखणं

सोनं काही सापडलं नाही. ऑस्ट्रियातल्या गास्टाइन खोऱ्यात सोन्याच्या जुन्या खाणी होत्या. त्या आशेवर १९४० साली, ऐन महायुद्धात, तिथल्या राडहाउसबर्ग डोंगरात नवा बोगदा खणायला घेतला. चार वर्षं खोदकाम चाललं आणि सोन्याऐवजी हाती लागली ती उष्ण, दमट हवा. तिच्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू मिसळलेला होता. आत काम करणारे मजूर घामाने निथळायचे. पण त्यांच्यातले काहीजण सांगू लागले की, इथं आल्यापासून सांध्यांची जुनी दुखणी हलकी झाली आहेत. संशोधकांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि १९५२ पासून हा फसलेला बोगदा रीतसर उपचारकेंद्र झाला. एक छोटी आगगाडी रुग्णांना डोंगराच्या पोटात घेऊन जाते. तिथल्या ३७ ते ४१ अंशांच्या उष्म्यात निवांत आडवं पडायचं, घाम गाळायचा आणि परत त्याच गाडीने बाहेर यायचं.

ज्या दुखण्यांसाठी लोक या गाडीत बसतात, त्यांत एक नाव पहिल्यापासून ठळक आहे. जर्मन माणूस त्याला 'बेख्टेरेवचा आजार' म्हणतो. आपल्याकडचे डॉक्टर 'अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस' म्हणतात आणि रुग्ण त्याचं 'ए.एस.' करून टाकतात. मराठीत ताठ कण्याचा माणूस म्हणजे कौतुकाचा विषय. इथं मात्र ताठ कणा हेच दुखणं. कमरेच्या मागच्या सांध्यांपाशी दाह सुरू होतो, हळूहळू मणक्यांवरून वर चढतो, आणि शरीर तो दाह भरून काढताना नको तिथं हाड घालतं. वर्षानुवर्षं हे चाललं की मणके एकमेकांना जुळतात. एक्सरेमध्ये पाठीचा कणा पेरं असलेल्या बांबूसारखा दिसू लागतो.

आजार बहुधा विशी-पंचविशीत गाठतो. उत्तररात्री पाठदुखीने जाग येते, सकाळी उठल्यावर अंग लाकडासारखं आखडलेलं असतं. मग माणूस उठतो, आंघोळ करतो, चार पावलं चालतो, आणि तासाभरात बराच मोकळा होतो. म्हणजे घरची मंडळी मायेने 'दुखतंय ना, मग पड जरा' असं म्हणतात, तो सल्ला या दुखण्यात नेमका उलटा पडतो. पण तो फक्त घरच्यांनीच दिला असं नाही. वैद्यकशास्त्रानेही अनेक दशकं तोच दिला, आणि नुसता दिला नाही, तर प्लास्टरमध्ये बांधून पाळायला लावला.

या आजाराची पहिली स्पष्ट नोंद एका सांगाड्याची आहे. बर्नार्ड कॉनर हा आयरिश डॉक्टर सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये शिकत होता. तिथं त्याच्या हाती एक विलक्षण सांगाडा आला. त्याच्या कमरेचं हाड, मणके आणि बरगड्या मिळून एकच अखंड हाड झालं होतं. कॉनरने त्याचं वर्णन लिहिलं. १६९५ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याआधी तो पोलंडचा राजा यान सोबिएस्की याचा वैद्य होता. तिशी उलटल्यावर लगेचच तो वारला. सांगाडा कोणाचा, हा माणूस वाकत कसा होता, झोपत कसा होता, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं.

जिवंत रुग्णांची वर्णनं यायला आणखी दोनशे वर्षं गेली. रशियात व्लादिमीर बेख्टेरेव, जर्मनीत अडोल्फ स्ट्रुम्पेल आणि पॅरिसमध्ये प्येर मारी या तिघांनी १८८४ ते १८९८ या काळात ती लिहिली. तिघेही मज्जासंस्थेचे तज्ज्ञ, त्यामुळे मूळ दोष नसांमध्ये शोधण्याकडे ओढा होता. नावावरून मात्र देशोदेशी निष्ठा ठरल्या: जर्मनी, रशिया आणि स्कँडिनेव्हियात बेख्टेरेव टिकला, इतरत्र ग्रीक-लॅटिन शब्द रुळले. अमेरिकन डॉक्टर तर १९६३ पर्यंत याला ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचाच कण्यातला अवतार मानत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या उपचारामागचा विचार सरळ होता. कणा वाकणारच आहे आणि जुळणारच आहे, तर निदान सरळ जुळू दे. त्यासाठी रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात नाहीतर पट्ट्यांच्या जाकिटात महिनोन्‌महिने सरळ झोपवून ठेवायचं. पाठ पोक न काढता ताठ राही, हे खरं. पण त्या ताठ पाठीवर उभं राहायला स्नायू उरत नसत, आणि जे सांधे कदाचित वाचले असते तेही आखडून जात. 'हाउ द स्टील वॉज टेम्पर्ड' ही जगभर गाजलेली कादंबरी लिहिणारा निकोलाय ओस्त्रोव्स्की हा या काळातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. कणा आणि सांधे जखडले, दृष्टी गेली. अंथरुणातून, ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून कापलेल्या पुठ्ठ्याचा आधार घेत त्याने लिहायला सुरुवात केली, आणि पुढे मजकूर सांगून लिहवून घेतला. १९३६ साली तो गेला तेव्हा ३२ वर्षांचा होता.

यापेक्षा वेगळी वाट क्ष-किरणांची होती. कण्यावर किरणांचा मारा केला की वेदना खरोखरच थांबत. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात १३,००० हून अधिक रुग्णांना हा उपचार मिळाला. मग कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल (सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० मध्ये दाखवणारे तेच डॉल) यांनी या रुग्णांच्या नोंदी चाळल्या आणि १९५७ मध्ये निष्कर्ष मांडला की, यांच्यात रक्ताचा कर्करोग अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त आहे. किरणोत्साराचा मानवी शरीरावरचा धोका मोजताना हिरोशिमा-नागासाकीच्या जोडीने आजही या पाठदुखीवाल्यांचा हिशेब उघडला जातो. आणि त्याच दशकात गास्टाइनची रेडॉनवाली गाडी सुरू झाली, हा योगायोग थोडा चमत्कारिकच म्हणायचा.

प्लास्टर सुटायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. सैन्यभरतीमुळे हजारो तरुण पाठी एकदम डॉक्टरांपुढे आल्या. ज्याला आळशी किंवा कामचुकार ठरवलं होतं, त्याच्या एक्सरेत भलतंच दिसू लागलं. जखमी सैनिकांना पुन्हा उभं करण्याच्या खटाटोपातून फिजिओथेरपी हा व्यवसायही अंगाने भरला होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधले फ्रान्सिस डडली हार्ट विश्रांती सोडा, हालचाल धरा असं सांगू लागले. फ्रान्समध्ये एक्स-ले-बेंच्या गरम झऱ्यांच्या गावी जाक फोरेस्टिए यांनी या आजारावर १९५१ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ तरुणपणी फ्रान्सच्या रग्बी संघातून १९२० च्या ऑलिंपिकमध्ये खेळून रौप्यपदक घेऊन आले होते. अंग हलतं ठेवण्याचं महत्त्व त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसावं.

फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक याच सुमाराला आलं. पुढे रक्तावरच्या दुष्परिणामांमुळे त्याचा वापर आवरावा लागला, पण त्याने एक काम चोख केलं: दुखणं इतकं कमी केलं की रुग्णाला व्यायाम करणं शक्य झालं. गोळी ही व्यायामाची जागा घेणारी नाही, तर त्याची वाट मोकळी करणारी; ही मांडणी तेव्हा रूढ झाली आणि पुढे पन्नास वर्षं टिकली.

पण व्यायामाने फरक पडतो हे दाखवायचं कसं? इथं या कथेतलं सर्वांत स्वस्त उपकरण पुढे येतं: शिंप्याची टेप. पाउल शोबर या जर्मन डॉक्टरने १९३७ मध्ये एक साधी युक्ती सांगितली होती. रुग्ण ताठ उभा असताना कमरेवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, मग त्याला पुढे वाकायला सांगायचं. निरोगी कमरेवर त्या खुणा एकमेकींपासून दूर सरकतात. जुळलेल्या कमरेवर जागच्या जागी राहतात. १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट या ब्रिटिश जोडीने तिच्यात सुधारणा करून अंतर १५ सेंटिमीटर केलं. दुसरी परीक्षा तर टेप नसली तरी समजते. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं राहायचं. डोकं भिंतीला लागतं का बघायचं. ज्याचं लागत नाही, त्याला आपला आजार कुठवर आला हे कोणी सांगावं लागत नाही.

या मोजमापांना एकत्र बांधून जगभर पाठवलं ते इंग्लंडमधल्या बाथ या गावाने. बाथचं रुग्णालय या आजाराहून जुनं वाटावं इतकं जुनं आहे: १७३८ मध्ये पायाभरणी, १७४२ मध्ये पहिले रुग्ण. गरम झऱ्यांच्या गावी हवापालटाला येणाऱ्या श्रीमंतांमागोमाग देशभरातले लुळेपांगळे गरीबही येत, त्यांच्यासाठी ते बांधलं. बाथच्या रहिवाशांना तिथं प्रवेश नव्हता, आणि बाहेरून येणाऱ्याने अनामत रक्कम आणायची असे. बरा झाला तर परतीच्या प्रवासाला, नाही झाला तर दफनाला. व्यवहार म्हणजे व्यवहार. पहिले डॉक्टर विल्यम ऑलिव्हर यांचं नाव आज रुग्णालयापेक्षा 'बाथ ऑलिव्हर' बिस्किटामुळे जास्त लोकांना ठाऊक आहे.

याच रुग्णालयात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ए.एस.च्या रुग्णांना दोन-तीन आठवडे ठेवून घेत. दिवसभर जिम, कोमट पाण्याचा तलाव, ताणाचे व्यायाम, आजाराची माहिती. आंद्रेई कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिथूनच तीन मोजपट्ट्या प्रसिद्ध केल्या: एक आजाराच्या जोरासाठी, एक रोजच्या कामांसाठी, एक कण्याच्या लवचीकतेसाठी. पहिलीत फक्त सहा प्रश्न आहेत. थकवा किती, पाठ-मान किती दुखते, सकाळचं आखडलेपण किती वेळ टिकतं, असे. उत्तर रुग्णाने स्वतः रेघेवर खूण करून द्यायचं. सरासरी १० पैकी ४ किंवा जास्त आली की आजार जागा आहे असं समजायचं. पूर्वी ब्रिटनमधला एक अभ्यास आणि तुर्कस्तानातला दुसरा यांची तुलनाच करता येत नसे, कारण प्रत्येकजण आपापल्या पट्टीने मोजे. आता दोघांच्या हाती एकच पट्टी आली.

कॅलिन यांनी त्याआधीही एक मोलाची गोष्ट केली होती. १९७७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच प्रश्न सुचवले, ज्यांवरून साधी पाठदुखी आणि दाहाची पाठदुखी वेगळी काढता यावी: सुरुवात चाळिशीच्या आत झाली का, हळूहळू झाली का, तीन महिन्यांहून जास्त टिकली का, सकाळी पाठ आखडते का, आणि व्यायामाने बरं वाटतं का. शेवटचा प्रश्न नीट पाहावा असा आहे. जो व्यायाम एके काळी मना होता, तोच आता आजार ओळखण्याची खूण झाला.

सत्तरच्या दशकात बरंच काही एकदम घडलं. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या आजाराचं एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी घट्ट नातं आहे. लंडनच्या ब्रूअरटन यांच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत ती खूण होती, आणि तितक्याच निरोगी माणसांत केवळ तिघांमध्ये. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९८० मध्ये जर्मनीत. या संघटनांनी जे केलं त्याला विज्ञान म्हणावं की शहाणपण, कोण जाणे: दवाखान्यातला फिजिओथेरपी विभाग संध्याकाळी रिकामा असतो, तर आठवड्यातून एकदा तिथं जमायचं, फिजिओथेरपिस्टला बोलवायचं, आणि सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा. आपल्याकडच्या तालमीत एकटा कोण जोर काढतो? शेजारचा काढतोय म्हणून आपणही काढतो.

त्याच १९७६ मध्ये अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांचा एक लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. १९६४ मध्ये त्यांना ए.एस. झाल्याचं निदान झालं होतं. त्यांनी रुग्णालय सोडून हॉटेलात खोली घेतली, मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट पाहिले, आणि दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा दावा केला. निदान खरोखर ए.एस.चंच होतं का, यावर पुढे डॉक्टरांनी शंका घेतली, आणि एका माणसाच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. पण कझिन्स यांचं पुस्तक वाचून मुंबईचे डॉक्टर मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला. बागेबागेत पहाटे हात वर करून 'हो हो, हा हा' करणाऱ्या काका-काकूंना आपली वंशावळ एका आखडलेल्या पाठीपर्यंत जाते याची कल्पना क्वचितच असेल.

एकत्र व्यायामाचा फायदा होतो, हे रुग्णांना कळलं होतं. ते चाचणीत उतरवलं नेदरलँड्सने. हिडिंग आणि सहकाऱ्यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १४४ रुग्णांचा होता. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने घरीच व्यायाम करायचा. दुसऱ्याने घरी तर करायचाच, शिवाय आठवड्यातून एकदा तीन तास एकत्र जमायचं: एक तास कसरत, एक तास खेळ, एक तास पाण्यात. नऊ महिन्यांनी एकत्र जमणाऱ्यांची पाठ जास्त लवत होती, दमही जास्त होता, आणि एकूण प्रकृतीबद्दल ते जास्त समाधानी होते.

मग डच संशोधक गास्टाइनलाच पोचले. फान टुबर्गन यांच्या २००१ च्या अभ्यासात १२० डच रुग्ण होते, चाळीसचाळीसचे तीन गट. पहिला तीन आठवडे गास्टाइनला: व्यायाम, चालणं आणि त्या बोगद्यातल्या फेऱ्या. दुसरा नेदरलँड्समधल्याच आर्सेन गावच्या गरम झऱ्यांवर. तिसरा आपल्या घरी, नेहमीची औषधं आणि साप्ताहिक व्यायाम चालू ठेवून. झऱ्यांवर गेलेले जास्त सुधारले आणि हा फायदा ४० आठवड्यांपर्यंत टिकू शकतो असं दिसलं. रेडॉनचे पाठीराखे खूश झाले. पण तीन आठवडे नोकरी नाही, स्वयंपाक नाही, डोंगराची हवा आणि आपल्यासारखीच चाळीस माणसं सोबतीला. यातलं नेमकं कशाने बरं वाटलं हे वेगळं काढणार कसं? आपण आल्प्समध्ये आहोत की स्वतःच्या घरी, हे रुग्णापासून लपवता येत नाही. पुनर्वसनाच्या संशोधनाची ही जुनी अडचण आहे.

नॉर्वेच्या हान्ने डागफिन्‌रुद आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्या भरल्या फक्त ११, रुग्ण ७६३. निष्कर्ष पायऱ्यांसारखा होता: काहीच न करण्यापेक्षा घरचा व्यायाम बरा, घरच्यापेक्षा देखरेखीखालचा गट बरा. २०१९ मध्ये नव्याने झालेल्या अशाच आढाव्यात चाचण्या १४ आणि रुग्ण १,५७९ झाले, पण सूर जास्त सावध होता: फायदा होतो, मात्र तो फार मोठा नसावा, आणि पुराव्याचा दर्जा मध्यम ते कमी.

मधल्या काळात जमीनच हलली होती. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं या आजारासाठी २००३ च्या सुमाराला मिळू लागली, आणि वर्षानुवर्षं कुंथणारे रुग्ण काही आठवड्यांत मोकळे चालू लागले. ज्यांची जवानी या इंजेक्शनांआधी सरली त्यांत इंग्लंडचा कप्तान माइक आथरटन होता. डिसेंबर १९९५ मध्ये जोहान्सबर्गला ६४३ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून त्याने नाबाद १८५ धावा करत कसोटी वाचवली, ती वेदनाशामकांवर चाललेल्या पाठीच्या जोरावर. नव्या औषधांनंतर प्रश्न विचारला जाऊ लागला की आता व्यायामाची गरज काय? इटलीत पादुआच्या मासिएरो यांनी २०११ मध्ये ही औषधं चालू असलेल्या ६२ रुग्णांवर चाचणी घेतली, आणि व्यायाम व माहितीवर्ग मिळालेल्यांची पाठ-मान इतरांहून जास्त मोकळी झाल्याचं दाखवलं. औषध दाह विझवतं, पण वर्षभर न वापरलेले स्नायू काही औषधाने उभे राहत नाहीत.

मग प्रश्न उलटा झाला: दाहच आटोक्यात असेल, तर व्यायाम किती जोराचा चालेल? इतके दिवस सगळं ताण देण्याभोवती, हळुवार चाललं होतं. नॉर्वेच्या सिल्ये स्वेओस यांनी १०० रुग्णांवर घेतलेल्या, २०२० मध्ये छापून आलेल्या चाचणीत रुग्णांना ट्रेडमिलवर चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या करायला लावल्या, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांपुढे नेऊन, शिवाय वजनं. आजार भडकेल ही भीती होती. तीन महिन्यांनी तो उलट शांत झालेला दिसला.

या विषयातलं संशोधन कुठून येतं हे पाहिलं की वैद्यकापेक्षा भूगोल जास्त कळतो. तुर्कस्तानातून खूप येतं, कारण तिथं भौतिकोपचार ही डॉक्टरांची स्वतंत्र शाखा आहे आणि गरम झरे दाराशी. झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बुर्सा शहरातल्या लाले आल्तान यांनी २००६ मध्ये झऱ्याच्या स्नानाची आणि २०१२ मध्ये पिलाटेसची चाचणी घेतली. कोरियाने ताई-ची तपासली. ऊन दुर्मीळ असलेल्या नॉर्वेने तर रुग्णांना सरकारी खर्चाने भूमध्य समुद्राकाठी पाठवायची प्रथाच पाडली, आणि नंतर तिचीही नॉर्वेतल्या पुनर्वसनाशी तुलना करून पाहिली. जो तो आपल्या अंगणात जे आहे, ते तपासतो.

आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की आधी धरणग्रस्त आठवतात. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या भिगवणला १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाखाली. ती एकट्या ए.एस.ची नव्हती, गावात कोणाचं काय दुखतं, आणि त्यासाठी तो कुठं जातो, एवढंच साधं विचारणं होतं. शेतात वाकून काम करणाऱ्याची पाठदुखी कोणती आणि दाहाची कोणती, हे अशा पाहणीत सर्वांत अवघड. तिथं पुन्हा तोच जुना प्रश्न विचारावा लागतो: पडून राहिल्यावर बरं वाटतं, की कामाला लागल्यावर?

बाथचं ते जुनं रुग्णालय २०१९ मध्ये नव्या इमारतीत गेलं, कोमट पाण्याच्या तलावासकट.